दोरी कुणाच्या हातात होती

६ मार्च

मावशी,

अक्षर बघून घाबरू नकोस. डाव्या हाताने लिहितोय. उजवा कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये आहे. आईला मनगट मुरगळलं एवढंच सांगितलंय, तूही तेवढंच सांग. तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मला फोनवर खोटं बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

कॉलेज सोडल्यापासून मी बांधकामाच्या सामानाच्या दुकानात आहे, हे तुला ठाऊक आहेच. दुकान म्हणजे विमान उभं राहील एवढी शेड. सिमेंट, पाइप, दरवाजे, नळ, फरशा, रंग. एक ते चौदा नंबरच्या गल्ल्या, आणि दोन्ही बाजूंना छतापर्यंत गेलेल्या लोखंडी मांडण्या. वरच्या खणातला माल फोर्कलिफ्टने हलवतात. अठरा फेब्रुवारीला आठ नंबरच्या गल्लीत फोर्कलिफ्टवाला फरशांची थप्पी वर चढवत होता. ती जरा जास्त आत गेली आणि पलीकडच्या, म्हणजे सात नंबरच्या गल्लीत एक खोकं खाली आलं. खाली मी होतो. जेवणाच्या सुट्टीत आपला सहज फिरत होतो. बस, एवढंच.

डॉक्टर म्हणतात, मनगटाची हाडं वाकडी बसतायत. एप्रिलच्या मध्यापर्यंत ऑपरेशन करून आत पट्टी बसवली तर मूठ वळेल. उशीर झाला तर हात असाच राहणार, पंजा उघडा टाकून, भीक मागितल्यासारखा. कामावर लागलं तर सगळा खर्च आणि घरी बसल्या दिवसांचा पगार मिळतो, म्हणून भरपाईचा अर्ज केला होता. तो परत आला. ‘इजा कामाच्या दरम्यान झालेली नाही.’ शिक्का मारून!

तू तीस वर्षं त्या वकिलांकडे टाइपिंग केलंस ना, जखमी कामगारांच्या केसेस लढणाऱ्या? मग एक कडक पत्र टाइप करून पाठव. वाचून घाम फुटला पाहिजे. अर्जाची नक्कल सोबत आहे.

गोळ्यांमुळे दिवसभर अर्धवट झोपेत असतो. डोळे मिटले की शेडच्या छतातले पारदर्शक पत्रे दिसतात. त्यांतून दुधासारखं ऊन खाली येतं आणि त्यात सिमेंटची धूळ तरंगत राहते. कुठेतरी लांब रंग हलवायचं मशीन घुमत असतं. मग वरून फरशांची खोकी सुटतात, पण पिसांसारखी, हळूहळू, आणि कुणालाच लागत नाहीत. असं तासन्‌तास चालतं. जाग आली की चिडचिड होते.

तुझा,
भडक्या


११ मार्च

भडक्या,

कडक पत्र मिळणार नाही. तीस वर्षं लोकांचे जबाब टाइप करून मी एकच गोष्ट शिकले. माणूस ‘बस, एवढंच’ म्हणाला की कागद बदलायचा, कारण खरी हकीकत तिथून पुढे असते.

तुझ्या अर्जात अपघाताची वेळ साडेचार आहे. कुठल्या दुकानात साडेचारला जेवणाची सुट्टी असते? आणि सुट्टीत माणूस बसतो, खातो, पाय पसरतो. तू फरशांच्या गल्लीत काय बघत होतास? फरशा?

आणखी एक. तू नळांच्या विभागात आहेस. मग स्वप्नात रंगाचं मशीन का घुमतंय? नळ का नाही वाहत?

कॉलेज सोडलंस तेव्हा तू सांगितलंस की सरांनी वर्गात अपमान केला आणि मी वही त्यांच्या टेबलावर आपटून निघालो. ते खरं असेल, तुझ्या नाकावर राग असतोच. पण ताई म्हणाली होती की त्यानंतर आठवड्याने तू खोलीला लावायला रंगाचा डबा आणायला गेलास आणि तिथेच नोकरीला लागलास. रंग आणायला गेलेला माणूस नळ विकायला का राहतो, हा प्रश्न मी तेव्हाच मनात घडी घालून ठेवला होता.

आता सांग. सगळं सांग. आणि गोळ्या जेवणानंतर घे, रिकाम्या पोटी नको.

मावशी


१५ मार्च

मावशी,

तुझं पत्र आधी टराटरा फाडलं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं. एका हाताने तुकडे जुळवायला किती वेळ लागतो, तुला कल्पना नाही.

ठीक आहे. ऐक. पण हे आईला नाही, वकिलांना नाही, कुण्णाला नाही.

रंगाच्या काउंटरवर एक मुलगी आहे. सगळे तिला रंगवालीच म्हणतात. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा घेऊन येतं आणि म्हणतं, अगदी असाच रंग पाहिजे. ती तो पोपडा उजेडात धरून बघते, बराच वेळ, जणू त्या भिंतीशी तिची जुनी ओळख आहे आणि मधे बरीच वर्षं भेट झालेली नाही. मग पांढऱ्याच्या डब्यात थेंब सोडते. तीन थेंब काळा, अर्धा थेंब पिवळा. अर्धा थेंब, मावशी! डबा मशीनला लावला की पाच मिनिटं तिला काही काम नसतं. ती नुसती उभी राहते, कुठेतरी बघत. त्या पाच मिनिटांसाठी मी दिवसभर नळ विकतो.

आता दोरीचं ऐक. एका गल्लीत फोर्कलिफ्ट वरचा माल हलवत असली की तिच्या पाठीमागच्या गल्लीला दोन्ही टोकांना लाल दोरी लावतात, आणि पुढच्या टोकाला एक माणूस दोरीवर हात ठेवून उभा राहतो. कुणाला आत सोडायचं नाही. दोरीला कोण, ते रोज सकाळी मुकादम फळ्यावर लिहितो. दोरी रिकामी सोडून गेलेला माणूस त्याच दिवशी घरी. विचारपूस नाही.

त्या दिवशी माणसं कमी होती म्हणून दोरीला तिला उभं केलं होतं. साडेचारला तिच्या काउंटरवर एक ठेकेदार आला आणि हाका मारायला लागला. मी जवळच होतो. (मी नेहमीच जवळ असतो.)

म्हटलं, “जा तू. दोरी मी धरतो.”

“नक्की?”

“नक्की म्हणजे? लिहून देऊ?”

ती हसली, मावशी. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या बोलण्याला हसली. दोरी माझ्या हातात आली तेव्हा जिथे तिने धरली होती तिथे अजून ऊब होती. मी किती वेळ उभा होतो, मला सांगता येणार नाही. ऊन पिवळं झालं होतं आणि आख्खी गल्ली पाण्याखाली असल्यासारखी वाटत होती.

तेवढ्यात मागच्या टोकाची दोरी वर करून एक म्हातारा गवंडी ढकलगाडीसकट आत शिरला. नेहमीचा आहे, बहिरा नाही पण ऐकत नाही. वर थप्पी सरकताना मी पाहिली. ओरडलो. तो आपला फरशांवर हात फिरवतोय. धावलो आणि त्याला ढकललं. तो वाचला. खोकं माझ्या मनगटावर आलं.

हॉस्पिटलात मुकादम फॉर्म घेऊन आला. पहिला प्रश्न काय? दुखतंय का, नाही. “दोरीला कोण होतं?” मी क्षणाचाही विचार केला नाही. म्हटलं, दोरी लावलेलीच नव्हती, मी सुट्टीत फिरत होतो. झालं! कुणी नव्हतंच म्हटल्यावर काढणार कुणाला?

आता सांग, माझ्या जागी दुसरा कुणी असता तर काय बोलला असता?

भडक्या


१९ मार्च

भडक्या,

दुसरा कुणी असता तर खरं बोलला असता, पण तो दुसरा कुणी माझा भाचा नसता.

गवंड्याला वाचवलंस ते चांगलं केलंस, आणि हे मी एकदाच लिहिणार आहे. आता शांत डोक्याने वाच. शांत होत नसेल तर तोंडावर पाणी मारून ये.

कोर्टातल्या इतर भांडणांत चूक कुणाची हे आधी शोधतात. भरपाईत शोधत नाहीत. ती गोष्टच मुळात त्यासाठी निघाली, की कामगाराने आणि मालकाने एकमेकांवर बोटं दाखवत वर्षं घालवू नयेत. कामगार वेंधळा होता? असू दे. दुसऱ्याने दोरी सोडली? सोडू दे. अधिकाऱ्यासमोर एकच प्रश्न असतो, हात कामात मोडला की नाही. माझ्या टाइपरायटरवरून अशी शेकडो माणसं गेली. त्यांतली कितीतरी स्वतःच्याच चुकीने जायबंदी झाली होती, आणि त्यांनाही मिळालं.

तुझा तर कामातच मोडला. दोरी धरणं हे काम. गवंड्याला ढकलणं हे काम. प्रेमात पडणं हे काम नव्हे, पण त्याने अर्जाला बाधा येत नाही. अर्ज बुडवणारं वाक्य जगात एकच होतं, ‘मी कामावर नव्हतो’, आणि तू नेमकं तेच बोलून बसलास.

जबाब दुरुस्त करता येतो. मी टाइप करून देते, तू अंगठा नाहीतर डाव्या हाताची सही कर. ऑपरेशनला महिनाही उरलेला नाही.

आणि हो. तिला विचारलंस का, तिला हे असं हवं होतं का?

मावशी


२३ मार्च

मावशी,

नाही म्हणजे नाही. मी सही करणार नाही.

कायदा चूक विचारत नसेल, मुकादम विचारतो. मी खरं सांगितलं की फळ्यावर ज्याचं नाव होतं तो माणूस दोरीला नव्हता हे उघड होणार. तिच्या घरी धाकट्या दोन बहिणी शिकतायत. एक कॉलेज सोडलेला पुरेसा आहे.

आणि विचारायचं काय त्यात? काही गोष्टी विचारून करायच्या नसतात. ती आली होती मागच्या आठवड्यात. मी झोपेत होतो की जागा, मला कळत नव्हतं. खोलीच्या दारात उभी होती. पडद्यातून येणारं दुपारचं ऊन तिच्या खांद्यावर, बाहीवर राखाडी पूड, डोळे भरलेले. ओठ घट्ट मिटलेले. मी उठेपर्यंत काही न बोलता निघून गेली. मावशी, मी ते डोळे विसरणार नाही. काही माणसांना आभार शब्दांत मानता येत नाहीत. तिला सगळं कळलंय, एवढं मला पुरे आहे.

हात वाकडा राहिला तर राहिला. आडवं पडलं की ही खोलीसुद्धा आता जमिनीवर नसते. पलंग हळूच सुटतो, खिडकीतून बाहेर पडतो, शेडवरून जातो, आणि खाली सगळ्या गल्ल्यांत दिवे लागलेले असतात. सगळी माणसं आपापल्या जागी, आणि कुणी कुणाला काही विचारत नाही. असं जग असतं तर किती बरं झालं असतं.

तू रागावशील. रागाव. मी पण रागावलोय, फक्त कुणावर ते कळत नाही.

भडक्या


३० मार्च

मावशी,

तुम्हाला काय म्हणावं कळेना, म्हणून मीही मावशीच म्हणते. पाकिटावर तुम्ही ‘रंग मिसळणाऱ्या मुलीस’ एवढंच लिहिलं होतंत, तरी पत्र मला मिळालं. मात्र काउंटरवर नाही, मागच्या अंगणात. गेला दीड महिना मी तिथे सिमेंटच्या पोत्यांची मोजणी करते. का, ते तुमच्या भाच्यामुळे.

तुम्ही विचारलंत म्हणून सगळं लिहिते.

आमच्याकडे दोरी हातातून हातात दिली तर ती सुटलेली धरत नाहीत. रोज कितीदा देतो आम्ही, माणूस आहे, पाणी प्यायला जावं लागतं. दोरी रिकामी राहिली तरच गुन्हा. हे कामाच्या पहिल्या सकाळी सगळ्यांना समजावून सांगतात. तुमचा भाचा त्या सकाळी काय बघत होता ते मला ठाऊक आहे, कारण मी समोरच उभी होते.

अपघात झाला त्याच संध्याकाळी मी मुकादमांना लिहून दिलं की दोरी मी त्याच्या हातात दिली होती, तो दोरीवरून धावला आणि गवंडीबाबांना वाचवलं. दुसऱ्या दिवशी मुकादम त्याचा जबाब घेऊन आले. दोरी लावलीच नव्हती! मुकादम म्हणाले, “ज्याचा हात मोडला तो असं म्हणतो, मग तुझं कसं धरू?” फळ्यावर त्या दिवशी दोरीसमोर माझं नाव. दोरी लावलेली नाही म्हणजे मी लावली नाही. वर खोटं लिहून दिलं. भरपाईचा निकाल पक्का होईपर्यंत मला काउंटरवरून काढलं, आणि निकाल असाच राहिला तर दुकानातूनही काढतील.

मी त्याच्या खोलीवर गेले होते भांडायला. सगळं पाठ करून गेले होते. पण तो झोपेत हसत होता, आणि त्याचा हात उशीवर असा ठेवलेला की माझा आवाजच फुटेना. इतका राग आला होता की रडू आलं. तशीच परत आले.

त्याला वाटत असेल त्याने मला वाचवलं. मला वाचवायची गरज नव्हती. मी काही चुकलेच नव्हते. त्याने मला आधी मनातल्या मनात गुन्हेगार ठरवलं आणि मग माफ केलं. हे त्याला कळलं पाहिजे.

बाकी कामाचं. रंगाच्या प्रत्येक मिश्रणाची आम्ही कार्बन लावून नोंद करतो, वेळेसकट, कारण गिऱ्हाईक वर्षाने परत येऊन तोच रंग मागतं. माझं निवेदन मी त्याच वहीत लिहिलं होतं. वरचा कागद मुकादमांकडे, खालची प्रत वहीत. तिच्या आधी ठेकेदाराचा राखाडी, तिच्यानंतर कुणाचातरी फिकट हिरवा. मागाहून घुसडलेली नाही, हे कुणालाही दिसेल. गवंडीबाबांचाही पत्ता मिळवलाय. यायला तयार आहेत. पण त्याने स्वतः जबाब बदलल्याशिवाय या सगळ्याला कवडीची किंमत नाही.

तुमच्या पत्रात तुम्ही लिहिलंत, ‘तो वाईट नाही, घाईचा आहे.’ मला माहीत आहे. म्हणूनच एवढं लांब लिहिलं.

रंगवाली


२ एप्रिल

भडक्या,

मी तुला न विचारता तिला पत्र लिहिलं. न विचारता केलेल्या गोष्टींबद्दल तू मला काही बोलू शकणार नाहीस.

तिचं उत्तर सोबत जोडलंय. पाठवू का, असं तिला मात्र माझ्या पत्रातच विचारलं होतं. पाकिटाच्या मागे तिने ‘पाठवाच’ असं लिहिलंय. ते फाडू नकोस, फाडशील तर तुकडे तूच जुळवायचे आहेत.

दुरुस्त जबाब टाइप केलाय. सहीची जागा पेन्सिलने दाखवली आहे. सुनावणीची तारीख आठ एप्रिल मिळाली आहे. आमच्या जुन्या वकिलांना भेटले, त्यांनी खटपट केली. अधिकारी बाई पहिला प्रश्न हाच विचारतील की तेव्हा खोटं का बोललात. उत्तर मी टाइप केलेलं नाही. ते तुझं तू दे.

मावशी


९ एप्रिल

मावशी,

तिचं पत्र मी फाडलं नाही. सात वेळा वाचलं. ‘त्याने मला आधी गुन्हेगार ठरवलं’ या ओळीपाशी दरवेळी थांबलो. तोंडावर पाणी मारून आलो, तरी ओळ तिथेच होती. इतकी वर्षं मला वाटायचं की माझ्या रागाने फक्त माझंच नुकसान होतं, आणि ते परवडतं. माझ्या प्रेमानेही दुसऱ्याचं नुकसान होऊ शकतं हे मला माहीतच नव्हतं. दोन दिवस कुणावर चिडलो नाही. खोलीतला जोडीदार म्हणाला, ताप आलाय का?

काल सुनावणी झाली. छोटी खोली, वर पंखा, टेबलावर फायलींचे गठ्ठे, समोर अधिकारी बाई. एका बाजूला मुकादम आणि फोर्कलिफ्टवाला, दुसऱ्या बाजूला मी. ती आणि गवंडीबाबा मागच्या बाकावर. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

बाई म्हणाल्या, “आधी लिहिलंत सुट्टीत होतो. आता म्हणता कामावर होतो. कुठलं खरं?”

“आताचं.”

“मग तेव्हा खोटं का बोललात?”

मावशी, मी उत्तर पाठ केलं होतं. गोळ्यांची गुंगी, वेदना, घाबरलो होतो, असं छान रचलेलं. तोंड उघडलं आणि निराळंच बाहेर आलं. म्हटलं, “मला वाटलं ती चुकली, आणि मला ती चुकलेली चालणार होती. ती चुकलीच नव्हती. हे मी तिला तरी विचारायला हवं होतं. मुकादमांनी मला विचारलं, आणि मी माझ्या डोक्यातलं सांगितलं, घडलेलं नाही.”

मुकादम छताकडे बघायला लागले. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या, “हे असंच लिहून घेऊ?” मी म्हटलं, “असंच.”

मग कार्बनची वही पाहिली. गवंडीबाबा उठले. “बाई, या पोराने मला असा ढकलला की माझं धोतर एकीकडे आणि मी एकीकडे. चार दिवस कंबर धरली होती. मी याला शिव्या दिल्या. मग वर बघितलं आणि परत घेतल्या.” बाईसुद्धा हसल्या. फोर्कलिफ्टवाल्यानेही खाली मान घालून सांगितलं की दोरी लावलेली होती, त्याने पाहिली होती, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

निकाल लगेच दिला. इजा कामाच्या दरम्यान झाली. ऑपरेशनचा खर्च आणि घरी बसल्या दिवसांचा पगार, दोन्ही मंजूर. तिचं निवेदन खरं धरलंय. सोमवारपासून ती परत काउंटरवर. मुकादम जाताना तिला म्हणाले, “तुझ्या जागेवर ज्याला बसवलं त्याने तीन भिंती बिघडवल्या, लवकर ये.” माफी मागितली नाही, पण त्यांच्यासाठी तीच माफी.

बाहेर जिन्यावर मी तिला गाठलं. म्हटलं, “चुकलो.”

“हो.”

“रागावलीयेस?”

“खूप.”

मग आम्ही उतरत राहिलो. जिन्यावर असं संथ ऊन होतं की पायऱ्या संपू नयेत असं वाटत होतं. बसस्टॉपवर ती म्हणाली, “पुन्हा कधी माझ्यासाठी काही करायचं मनात आलं तर आधी मला विचारायचं.”

मी म्हटलं, “आता एक विचारू?”

“विचार.”

“गुरुवारी ऑपरेशन आहे. येशील?”

तिने बस येते का ते पाहिलं. मग म्हणाली, “बघते.” आणि बसमध्ये चढली.

मावशी, ‘बघते’ म्हणजे काय गं? ती हसली नाही, पण तोंडही फिरवलं नाही. खिडकीत बसल्यावर एकदा खाली पाहिलं, पण ते माझ्याकडे की रस्त्याकडे? रात्रभर याच्यावर विचार केला. हो म्हणायचं असतं तर हो म्हणाली असती. नाही म्हणायचं असतं तर तिला कोण अडवणार होतं? तू बाई आहेस, तुला कळत असेल. लगेच लिही.

आईला खरं सांगितलंय. आधी ओरडली, मग रडली, मग तुझ्यावर ओरडणार आहे असं म्हणाली.

तुझा,
भडक्या


११ एप्रिल

भडक्या,

ताईचं ओरडणं झालं. तिला येऊ नकोस म्हणून सांगितलंय, हॉस्पिटलात ती तुझ्याआधी आजारी पडेल. तुझ्यापाशी मी थांबणार आहे.

‘बघते’ म्हणजे ‘बघते’. त्यातून अर्थ काढत बसू नकोस, तुझ्या अर्थ काढण्यापायीच एवढं सगळं झालं.

अधिकारी बाईंना जे उत्तर दिलंस ते मी दोनदा वाचलं. तीस वर्षांत असा जबाब टाइप करायला मिळाला नव्हता.

बुधवारी संध्याकाळच्या गाडीने पोचते. मला तुमच्या गावातलं काही ठाऊक नाही, आणि तू एका हाताने स्टँडवर यायचं नाहीस. मला घ्यायला कोण येणार आहे, ते विचारू नकोस. तिनेच सांगायला मनाई केली आहे.

मावशी